खोकला कोणाचा, रडणं कोणाचं

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा लोखंडी कूलर घरघरत असतो. अशा खोलीत कोणी लेफ्ट फोर डेड टू हा झॉम्बींचा संगणकी खेळ खेळायला बसणार असेल, तर पहिला सल्ला बंदुकीचा नाही, कूलरचा आहे. तो खिडकीच्या बाहेर बसवा, पाठीशी ठेवू नका. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घाला आणि खेळाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकरऐवजी हेडफोन निवडा. कूलरची घरघर खालच्या पट्टीतली असते. खेळातल्या शत्रूंपैकी दबा धरून बसलेल्या हंटरची गुरगुर आणि बूमरच्या पोटातली गुडगुड याच पट्टीतली. कूलर आवाज गिळतो आणि मग माणूस म्हणतो, हंटर कुठून आला कळलंच नाही. तो सांगूनच आलेला असतो.

झॉम्बीचा खेळ म्हटलं की बहुतेकांना नेम आठवतो. नेम लागतोच, पण या खेळात नेमापेक्षा ओळख मोठी. समोरचा कोण आहे, हे दोन सेकंद आधी कळलं तर साध्या पिस्तुलावर भागतं. दोन सेकंद उशिरा कळलं तर हातातली भारी रायफलही उपयोगाची नाही, कारण तोवर आपण जमिनीवर आडवे झालेलो असतो.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पान पिवळं पडलं म्हणून दुकानातून सर्वांत जहाल औषध आणून मारणारा शेतकरी आणि पानाची खालची बाजू उलटून मावा आहे, तुडतुडे आहेत की पांढरी माशी, हे आधी बघणारा शेतकरी यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली, तेव्हा बोंडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नव्हता. तिची खूण आधी फुलात दिसते. पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. डोमकळी ओळखणाऱ्याला पुढचे आठ-पंधरा दिवस मिळतात. या खेळातही प्रत्येक शत्रूची अशी एक डोमकळी आहे आणि बहुतेक वेळा ती डोळ्याला नाही, कानाला दिसते.

व्हॉल्व्ह कंपनीने पहिला भाग नोव्हेंबर २००८ मध्ये आणला आणि दुसरा बरोबर वर्षाने, नोव्हेंबर २००९ मध्ये. चौघं वाचलेली माणसं अमेरिकेतल्या सव्हाना शहरातून निघतात आणि न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोचायची धडपड करतात, एवढीच कथा. जुन्या संगणकावरही तो चालतो, म्हणून इतक्या वर्षांनंतरही चार मित्र जमले की लावता येतो. त्याच्या मागे एक यंत्रणा बसलेली असते, तिला डायरेक्टर म्हणतात. ती चौघांवरचा ताण मोजत राहते. फार दमलात तर थोडी उसंत देते, फार निवांत दिसलात तर झुंड सोडते. त्यामुळे शत्रू कुठे उभा असेल हे पाठ करून चालत नाही, कारण पुढच्या वेळी तो तिथे नसतो. शत्रूचा स्वभाव मात्र बदलत नाही. पाठ करायचा तो स्वभाव.

साध्या झुंडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकेकाची ताकद, म्हणजे सोसता येईल तेवढी इजा, ५० असते, आपली १००. अवघडपणाच्या नॉर्मल या पायरीवर एका फटक्याला आपले २ जातात, अ‍ॅडव्हान्स्डवर ५ आणि एक्स्पर्टवर तब्बल २०. म्हणजे एक्स्पर्टवर पाच फटके आणि माणूस खाली. झुंड आली की पळायचं नाही. पाठ भिंतीला लावायची, पुढच्या दोघांनी खाली बसायचं आणि मागच्या दोघांनी त्यांच्या डोक्यावरून गोळ्या झाडायच्या. पुढचे बसले नाहीत तर मागच्यांच्या गोळ्या त्यांच्याच पाठीत जातात. नॉर्मलवर आपल्या माणसाला लागलेल्या गोळीची १० टक्के इजा होते, अ‍ॅडव्हान्स्डवर ३० टक्के आणि एक्स्पर्टवर ५० टक्के. जहाल फवारणीत ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकिडी मराव्यात, तसंच हे. शत्रूपेक्षा आपलीच माणसं जास्त मारली, असा हिशेब एक्स्पर्टवर पहिल्या आठवड्यात हमखास निघतो.

माउसच्या उजव्या बटणाचा धक्का हे नवख्यांनी सर्वांत कमी वापरलेलं हत्यार. त्याला गोळी खर्चावी लागत नाही, तो समोरच्या दोन-तीन जणांना एकदम मागे ढकलतो आणि बंदूक भरत असतानाही देता येतो, भरणं थांबत नाही. मात्र लागोपाठ देत राहिलं की हात दमतो आणि पुढचा धक्का उशिरा निघतो. दोन धक्के, मग गोळ्या, मग पुन्हा धक्के. ही लय बसली की अर्धा खेळ बसला.

आता खासे शत्रू.

बूमर ओळखायला सोपा. फुगलेलं अंग, जड पावलं, ढेकरा आणि पोटातली गुडगुड. त्याची ताकद फक्त ५०, साध्या झॉम्बीइतकीच. एक-दोन गोळ्यांत फुटतो आणि धोका नेमका त्या फुटण्यातच आहे. तो अंगावर ओकला किंवा जवळ फुटला की पडदा हिरवट होऊन दिसेनासं होतं आणि झुंड वासावर धावून येते. म्हणून दारातून अचानक बूमर समोर आला तर गोळी नाही, आधी धक्का. तो दोन पावलं मागे धडपडतो. आपणही मागे सरायचं आणि मधे मोकळी जागा झाली की मगच गोळी. चुका इथेच होतात. घाबरून ट्रिगर दाबला जातो आणि चौघंच्या चौघं माखतात. माखल्यावर पळू नये. कोपऱ्यात पाठ लावून बसावं आणि हातात कुऱ्हाड किंवा बॅट घ्यावी. होय, या खेळात क्रिकेटची बॅट आहे. आंधळेपणात बंदूक आपल्याच माणसाला लागते, बॅटचं भय त्याहून कमी.

पुढचे चौघे माणसाला धरतात: हंटर, स्मोकर, जॉकी आणि चार्जर. या खेळाचा जीव या चौघांत आहे, कारण यांनी धरलेला माणूस स्वतः सुटू शकत नाही. दुसऱ्याने सोडवावं लागतं. सोडवायची रीत प्रत्येकाची वेगळी आणि तीच पाठ हवी.

हंटर उभा असतो तेव्हा बहुधा गप्प असतो. झेप घ्यायला खाली बसला की गुरगुरतो आणि झेप घेताना किंचाळतो. म्हणजे गुरगुर ही त्याची डोमकळी. ती ऐकू आली की चालणं थांबवा, भिंतीला पाठ द्या आणि छतं, गच्च्या, ट्रकच्या टपांकडे बघा. तो सरळ रेषेत येतो. हवेत असताना समोरून धक्का बरोबर वेळेला बसला तर तो तिथेच भेलकांडतो. शॉटगन असेल तर हवेतच टिपता येतो, कारण त्याची ताकद २५० आणि जवळून शॉटगनचा बार तेवढं काम करतो. एखाद्याच्या छातीवर बसलाच तर सोडवणाऱ्याने गोळ्या झाडत धावू नये, जवळ जाऊन धक्का द्यावा. गोळ्यांनी खालचा मित्र जखमी होतो, धक्क्याने होत नाही.

स्मोकर उलटा. तो जवळ येतच नाही. उंच जागा धरतो आणि लांबून जीभ टाकून एकाला ओढून नेतो. त्याला दम्याच्या रुग्णासारखा खोकला असतो, घरघरीत, मधेमधे उबळ येणारा. म्हणून कित्येक टोळक्यांत त्याचं नाव खोकल्या पडतं. खोकला ऐकला की चौघांनी एकमेकांच्या चार पावलांत यावं, कारण त्याला हवा असतो मागे राहिलेला माणूस. ओढला गेलेला मित्र हाताच्या अंतरावर असेल तर त्या मित्रालाच धक्का द्यायचा, जीभ सुटते. ताणलेल्या जिभेवर गोळी लागली तरी सुटते. मित्र वर गच्चीच्या कडेला लटकला असेल तर मात्र हात पोचत नाही, तिथे स्मोकरलाच टिपावं लागतं. त्याची ताकदही २५०. मेल्यावर तो धुराचा ढग सोडतो. त्या ढगात लगेच शिरू नये. आतला माणूस आपला की परका हे दिसत नाही आणि मित्राच्याच पाठीत गोळ्या बसतात.

जॉकी खिदळतो. कुबडा, ठेंगणा, उड्या मारत येतो. खांद्यावर बसला की माणसाला घोड्यासारखा हाकतो आणि नेतो कुठे, तर आगीत, कड्यावरून खाली किंवा झुंडीच्या मधोमध. बसलेल्याने हातपाय गाळू नयेत. तो डावीकडे नेत असेल तर उजवीकडची कळ दाबून ठेवावी. पूर्ण थांबवता येत नाही, पण वेग मंदावतो आणि सोडवणाऱ्याला दोन सेकंद मिळतात. एक धक्का दिला की तो उतरतो. ताकद ३२५. उड्या मारत येत असताना त्याच्यावर नेम धरणं अवघड, तेव्हा जवळ येऊ द्यावा आणि झेपेच्या क्षणी धक्का देऊन मग झोडावा.

आणि चार्जर. इथे धक्क्याची सवय लागलेले फसतात. चार्जरला धक्क्याने काही होत नाही. एक हात झाडाच्या खोडाएवढा, ताकद ६००, आवाज सांड डुरकल्यासारखा. तो एकाला उचलतो, वाटेतल्या इतरांना बाजूला उडवत धावतो आणि भिंत लागली की आपटू लागतो. त्या माणसाला सोडवायचा एकच मार्ग, चार्जरला मारणं. पण त्याच्या ताकदीतच त्याची खोट आहे. धावायला लागला की त्याला फारसं वळता येत नाही. म्हणून अरुंद बोळात एकामागोमाग एक रांगेने चालू नये आणि डरकाळी आली की आडवं, बाजूला सरकावं. चुकलेला चार्जर भिंतीवर आदळून क्षणभर भांबावतो, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याच्यावर बार टाकावेत. पूल, गच्ची, कठड्याची वाट असेल तर चार्जरचा आवाज येताच कडेपासून आत यायचं. तो माणसाला घेऊन खाली गेला तर मग सोडवण्याचा प्रश्नच उरत नाही.

स्पिटर कोणाला धरत नाही, म्हणून तिला लोक कमी लेखतात. मला ती या सगळ्यांत सर्वांत हुशारीने रचलेली वाटते. उंच, बारीक, लांब मानेची, ताकद फक्त १००. ती हिरवट आम्ल थुंकते आणि ते जमिनीवर पसरतं. त्यात जितका जास्त वेळ उभं राहाल तितकी इजा वाढत जाते, पहिल्या सेकंदाला थोडी, पुढे झपाट्याने. आता विचार करा. बूमर आणि झुंडीने आपल्याला शिकवलं, कोपरा धरा आणि एकत्र राहा. स्पिटर नेमकी त्या कोपऱ्यात थुंकते. म्हणजे एका शत्रूवरचा बरोबर उतारा दुसऱ्या शत्रूला हवी ती संधी देतो. कोपरा निवडताना त्याला दुसरी बाजू आहे ना, हे आधी बघून ठेवायचं ते यासाठी. आम्ल पडलं की सगळ्यांनी एकाच दिशेने निघायचं, चौघं चार दिशांना नाही. आणि ती मेली तरी तिच्या पायाखाली थोडं आम्ल सांडतं, त्यावरून लगेच जाऊ नये.

खेळ खरा अवघड होतो तो जोड्यांमुळे. चार्जरने एकाला भिंतीशी धरलेलं आणि त्याच जागेवर स्पिटरने थुंकलेलं. बूमरने तिघांना माखलेलं आणि तेवढ्यात चौथ्याला स्मोकरने ओढलेलं. अशा वेळी काम एकेक करून उरकायचं: आधी धरलेला माणूस सोडवा, मग बाकीचं. झुंड अंगावर असली तरीही आधी माणूस. धरलेल्या माणसाचं बळ दर सेकंदाला जातं आणि चौघांतला एक कमी झाला की उरलेल्या तिघांवरचा भार एक-तृतीयांशाने नाही, दुपटीने वाढल्यासारखा जाणवतो.

साध्या झुंडीतही काही वेगळे लपलेले असतात. ते बहुतेक मोहिमांत एकाच प्रकारचे असतात आणि घाईत ओळखू येत नाहीत. सुरक्षा-पोशाख घातलेले आगीने मरत नाहीत. त्यांच्यावर पेट्रोलची बाटली फेकली तर बाटली वाया जाते, पण कधीकधी त्यांच्याकडूनच बूमरच्या पित्ताची बरणी मिळते. कानावर आवाजरोधक घातलेले रस्ताकामगार पाइपबॉम्बकडे वळत नाहीत, कारण त्या बॉम्बची पिपाणी त्यांना ऐकूच येत नाही. बाकीची झुंड धावत जाते, हे तसेच आपल्या अंगावर येत राहतात. चिलखतवाल्या दंगलपथकाच्या शिपायाला समोरून गोळी लागत नाही. त्याला धक्का देऊन वळवायचं आणि पाठीत मारायचं. अर्धी मॅगझिन समोरून रिकामी केल्यावर हे लक्षात येतं. बूट पिपाण्यांसारखे वाजवणारा विदूषक आपल्यामागे इतरांना गोळा करत येतो, त्याला पहिला टिपावा. दलदलीतले चिखलमाखे वाकून धावतात, त्यांचा फटका बसला की पडद्यावर चिखल उडतो. नेम जरा खाली धरायचा, एवढंच.

फेकायच्या तीन वस्तूंचं कामही वेगळं. पाइपबॉम्ब पिपिप करत सुमारे सहा सेकंदांत फुटतो आणि तेवढ्यात साध्या झुंडीला ओढून नेतो. तो झुंड आल्यावर फेकायचा, येण्याआधी नाही. पेट्रोलची बाटली अरुंद दारात टाकली तर झुंड जळते, पण आपलीही वाट तेवढा वेळ बंद. बॉटल आपल्या पुढे नाही, मागे टाकायची, पाठलाग तोडायला. आणि बूमरच्या पित्ताची बरणी टँकसाठी, म्हणजे सर्वांत दांडग्या झॉम्बीसाठी, राखावी. ती त्याच्यावर फुटली की झुंड त्याच्यावरच तुटून पडते.

औषधाचा हिशेबही पक्का हवा, कारण ओळखीत चूक झाली की तिची किंमत इथेच भरावी लागते. मोठी औषधपेटी गेलेल्या बळाच्या, म्हणजे ताकदीच्या, ८० टक्के भरून देते. म्हणजे ६० बळ उरलेल्याने ती वापरली तर ३२ मिळतात, २० उरलेल्याने वापरली तर ६४. पेटी एकच असेल तर ती कोणाला, यावर वाद नको, आकडा बघा. बळ ४० च्या खाली गेलं की माणूस लंगडतो आणि त्याच्यामुळे चौघांचा वेग उतरतो. औषधाच्या गोळ्या ५० देतात, पण ते बळ झिरपत जातं. म्हणून गोळ्या लढाईच्या तोंडावर, पेटी लढाई संपल्यावर. एकदा खाली पडलेला माणूस उठवला की ३० तात्पुरत्या बळावर उठतो. दोनदा पडून उठला की त्याला सगळं कृष्णधवल दिसू लागतं. तिसऱ्यांदा तो पडत नाही, मरतो. असा मित्र दिसला की उरलेली पेटी त्याची.

भाषेचा मुद्दा राहू नये. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि घाईत बोलताना ते अडचणीचं ठरतं. 'अरे माझ्या मागून कोणीतरी येऊन मला धरून ओढतंय' हे वाक्य पुरं होईतो माणूस वीस हात लांब गेलेला असतो. नाव आधी, जागा नंतर, बाकी काही नको: 'स्मोकर, गच्ची.' 'चार्जर, बोळ.' घरी अहिराणी बोलत असाल तरी हेच, 'भाऊ, मांगे' एवढ्या दोन शब्दांत कोणाला आणि कुठे दोन्ही सांगून होतं. चौघांनी बसण्याआधी डावं-उजवं कोणाचं, हे ठरवून घ्यावं. आपलं डावं की समोरच्याचं, यावर खेळ हरतात. त्यापेक्षा खुणा सांगाव्यात, ट्रक, दार, जिना.

यजमान कोणाचा संगणक, हेही आधी ठरवावं. खेळ ज्याच्या संगणकावरून चालतो त्याच्याकडची वीज गेली की चौघांचाही खेळ तिथेच संपतो. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे तो यजमान. संगणकाला इन्व्हर्टर असून राउटर साध्या बोर्डावर असेल तर त्याचा उपयोग नाही, दोन्ही एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉप असेल तर उन्हाळ्यात तो तापून स्वतःचा वेग उतरवतो, आणि नेमका झुंड येते तेव्हा, कारण तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार असतो. चित्र अडखळलं की धक्क्याची वेळ चुकते. जाळीतली धूळ काढा, मागची बाजू दोन बोटं उचला, खेळाच्या सेटिंगमध्ये इफेक्ट्स आणि शेडर एक पायरी खाली आणा. चित्र थोडं फिकं पडेल, हंटर मात्र वेळेवर दिसेल.

टँक येतो तेव्हा संगीत बदलतं आणि जमीन हादरते. त्याची ओळख पटवायला काही लागत नाही, पण तयारी लागते. नॉर्मलवर ताकद ४०००, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एक्स्पर्टवर ८०००. संगीत सुरू होताच पहिलं काम मोकळं मैदान शोधणं. बोळात, खोलीत, जिन्यात टँकशी लढू नये, तिथे त्याचा एक फटका दोघांना लागतो आणि पळायला जागा नसते. दुसरं काम आग. पेट्रोलची बाटली त्याच्यावर फुटली की पेटलेला टँक शेवटी जळून मरतोच, नॉर्मलवर साधारण सव्वा मिनिटात. तेवढा वेळ फक्त जिवंत राहायचं असतं. धडधाकट माणूस त्याच्यापेक्षा किंचित जोरात पळतो, लंगडणारा नाही. म्हणून टँकच्या आधी औषधाच्या गोळ्या घेऊन ४० च्या वर या. तो ज्याच्या मागे लागला त्याने पळावं, फिरून, मैदानाला वळसा घालून, आणि बाकी तिघांनी उभं राहून त्याच्या पाठीत गोळ्या ओताव्यात. सगळेच पळाले तर त्याला कोणी मारत नाही, सगळेच उभे राहिले तर तो सगळ्यांना मारतो. फेकलेल्या दगडाचा अंदाज त्याच्या थांबण्यावरून येतो. थांबला की भिंतीआड जा. आणि रस्त्यात उभ्या मोटारींच्या रेषेत राहू नका. त्याने मोटार ढकलली आणि ती अंगावर आली तर माणूस एका धडकेत खाली.

राहिली विच. तिच्यापाशी बाकी सगळी सवय मोडावी लागते.

अंधारात कुठेतरी बाई रडतेय असं ऐकू येतं. कूलर असला तरी हे ऐकू येतं, कारण तिचा स्वर वरच्या पट्टीतला. जवळ जाल तसं मागचं संगीत चढतं. ती बहुधा हुंदके देत बसलेली असते, दोन्ही हातांना लांब नखं. ताकद १०००. तिला कोणी डिवचलं नाही तर ती कोणालाही काही करत नाही. डिवचलं तर ती फक्त डिवचणाऱ्याच्या मागे लागते, खालच्या पायऱ्यांवर त्याला आडवं करते आणि एक्स्पर्टवर एकाच फटक्यात मारते. तिला डिवचणाऱ्या गोष्टी तीन: अंगावर पडलेला बॅटरीचा झोत, फार जवळ जाणं आणि गोळी, मग ती चुकून लागलेली का असेना.

रात्रीच्या पाळीला वीज आली म्हणून मोटार सुरू करायला शेतात जाणाऱ्याला बॅटरी कधी लावायची आणि कधी विझवायची, हे सांगावं लागत नाही. बांधाजवळ सळसळ झाली की आधी उभं राहायचं, रानडुक्कर आहे की वारा हे ऐकायचं, मग पाऊल. विचच्या वाटेवरही तेच करावं. रडणं ऐकू आलं की सगळ्यांनी थांबायचं. एकाने ती कुठे आहे ते शोधायचं, बाकीच्यांनी बंदुका खाली. मागून झुंड येत असेल तर ती आधी तिथेच, विचपासून लांब संपवायची, कारण तिच्याजवळ झाडलेल्या दहा गोळ्यांतली एक तिला लागतेच.

शॉटगनवाला तयार असेल तर तिला एका बारात मारता येतं. बंदूक तिच्या डोक्याला जवळजवळ टेकेपर्यंत न थबकता जायचं आणि सगळे छर्रे डोक्यात बसतील असा बार टाकायचा. चार छर्रे जरी खांद्यावर गेले तरी ती उठते. म्हणून वाट दुसरी असेल तर हे करू नये. कड असेल तर कडेने जावं.

आणि वाट तिच्या शेजारूनच असेल, तर सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद. आधी ज्याचं बळ सर्वांत कमी तो जातो, भिंतीला लागून, न थांबता. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी शॉटगनवाला, बंदूक तिच्याकडे रोखून, उलट्या पावलांनी. दार ओलांडलं की दार हळूच लावून घ्यायचं. बॅटरी लगेच लावायची नाही. अजून दहा पावलं अंधारात.